दोन तोळ्यांचा फोन

नवं गॅजेट सगळ्यांच्या आधी आपल्या हातात हवं... ही खाज काही आजची नाही. पण पहिलं असण्याचं बिल नेमकं कितीचं येतं? २००८मध्ये माणदेशात पोचलेल्या एका स्मार्टफोनची ही गोष्ट. वाचा आणि मगच प्री-बुकिंगचं बटण दाबा!

‘वीकएंडला माणला जातेय,’ असं आयटीतल्या एका मैत्रिणीला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. ‘शनिवारीपण हिंजवडी? वेड लागलंय का?’

चूक तिची नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्यांना माण माहीत आहे ते हिंजवडीच्या शेजारचं, कंपनीच्या बसच्या पाटीवरचं. आमचं माण वेगळं. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा तालुका. दहिवडी, म्हसवड, गोंदवले, शिखर शिंगणापूर ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. माण नदी इथून पुढे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत जाते आणि हा सगळा पट्टा माणदेश म्हणून ओळखला जातो. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहिली ती इथलीच. सह्याद्रीवर आदळून पाऊस पलीकडेच संपतो, आमच्या वाट्याला येतात नुसते ढग. दुष्काळ हा आमच्याकडे पाहुणा नाही, घरातलाच मेंबर.

अशा या माणमधल्या माझ्या आजोळी, आजीच्या कपाटाच्या खणात एक फोन होता. मेलेला. मागचं झाकण फुगलेलं, स्क्रीनवर ओरखडा, सोबतची प्लास्टिकची काडी कधीच हरवलेली. आजी त्याला फोन म्हणत नाही. ती म्हणते, ‘दोन तोळं’.

पारावरचं लॉन्चिंग

२००८ची दिवाळी. मी अकरा वर्षांची. मामा कोइमतूरहून आला होता. तिथे त्याचं गलाईचं दुकान. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, असा हा धंदा. विटा, खानापूर, आटपाडीपासून माण-खटावपर्यंतची कितीतरी माणसं या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. गावात बंगला, बंगल्यात आई-बाप आणि पोरगा हजार किलोमीटरवर भट्टीपुढे... असं घर आमच्याकडे गल्लीगल्लीत सापडेल.

त्या वर्षी मामाने खिशातून फोन काढला आणि सगळे गपगार! अख्खा पुढचा भाग म्हणजे स्क्रीन. काडीने टोचायचं, की चित्र उघडायचं. ई-मेल, इंटरनेट, कॅमेरा, गाणी सगळं एकात. कंपनी कुठली ते सोडून देऊ. किंमत २६ हजार.

आजीने पहिला प्रश्न विचारला तो सोन्यातच. गलाईवाल्याची आई ती. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साधारण बारा-तेरा हजार. तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘दोन तोळं खिशात घालून हिंडतंय बघा पोरगं!’

पण पारावर मामाने जो काय भाव खाल्लाय ना त्या दिवाळीत... विचारू नका. पोरं ब्लूटूथवर गाणी मागायला यायची. म्हातारी माणसं नुसता हात लावून बघायची. मामा गावचा हीरो झाला. आणि नुसत्या स्टाइलपुरता नाही हं! पुढच्या वर्षी दहावीचा रिझल्ट लागला, तेव्हा गावातल्या सहा पोरांनी आपले नंबर मामाला कोइमतूरला एसएमएस केले होते. म्हसवडच्या सायबर कॅफेत रांग लागायच्या आत त्याने तिथून फोन करून मार्क सांगितले. त्यातला एक नापास झाला होता. त्याला मामाने तासभर फोनवर समजावलं. रोमिंगमध्ये आलेल्या फोनलाही पैसे पडायचे ते दिवस. म्हणून मामा गावी आला, की लोक त्याला फक्त मिस्ड कॉल द्यायचे, हेही आठवतं.

नावात थ्रीजी, हवेत काहीच नाही!

मामा एकटाच नव्हता. त्याच वर्षी २२ ऑगस्टला आयफोन थ्रीजी भारतात आला. आठ जीबीचा ३१,००० रुपयांना, सोळा जीबीचा ३६,१०० रुपयांना. अमेरिकेत हाच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता, त्यामुळे इकडे बरीच बोंबाबोंब झाली. पण खरी गंमत पुढेच. फोनच्या नावात थ्रीजी, आणि देशात थ्रीजी कुठे होतं? एमटीएनएलने दिल्लीत सुरू केलं डिसेंबर २००८मध्ये, बीएसएनएलने चेन्नईत फेब्रुवारी २००९मध्ये. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला २०१०मध्ये आणि त्यांची सेवा सुरू व्हायला त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे ज्याने पहिल्या दिवशी पैसे मोजले, त्याने दोन वर्षं फोनच्या नावावरच समाधान मानलं. शिवाय त्या फोनवर कॉपी-पेस्ट नव्हतं, एमएमएस नव्हता, व्हिडिओ काढता येत नव्हता आणि ब्लूटूथवरून साधं गाणंही पाठवता येत नव्हतं. आमच्या पारावर असा फोन टिकलाच नसता!

इंटरनेटचं बिल तर अजूनच भारी. त्या काळातला एक नेहमीचा दर होता १० केबीला १० पैसे. ऐकायला किती स्वस्त! आता हिशोब करा. एक एमबीला दहा रुपये. पाच एमबीचं एक गाणं उतरवलं, की पन्नास रुपये गेले. आणि आज आपण लोकलमध्ये किंवा कॅबमध्ये बसल्या बसल्या जो एक जीबी उडवतो, तो या दराने पडला असता दहा हजारांच्या पुढे. पाऊण तोळा सोनं, आजीच्या भाषेत.

आणि माणमध्ये तर दर परवडला तरी रेंज कुठे होती? घरामागच्या टेकडीवर, बाभळीच्या एका ठरावीक झाडाखाली दोन काड्या यायच्या. मामा संध्याकाळी ‘मेल बघून येतो’ म्हणून टेकडी चढायचा आणि आम्ही पोरं मागे. चार्जिंगचा तर वेगळाच सीन. भारनियमनाने घरातली लाइट दिवसातले कितीतरी तास गायब. साध्या फोनवाल्यांना फरक पडायचा नाही, त्यांची बॅटरी चार-चार दिवस चालायची. मामाचा फोन संध्याकाळपर्यंत माना टाकायचा. मग तो पिठाच्या गिरणीत नेऊन ठेवायचा, लाइट आली की तिथे आधी कळायचं म्हणून. २६ हजारांचा फोन परत यायचा तो पांढराशुभ्र, ज्वारीच्या पिठात लोळून.

अर्थात, पहिल्या दिवशी घेणाऱ्याची ही अवस्था जगभर सारखीच. स्मार्टफोनचा पूर्वज मानला जाणारा आयबीएमचा ‘सायमन’ १९९४मध्ये आला, करार न करता घेतला तर ११०० डॉलरच्या घरात. वापरायला लागलं, की बॅटरी जेमतेम तासभर. पन्नास हजारांच्या आसपास विकला गेला आणि सहा-सात महिन्यांत बाजारातून गायब. २००७मध्ये अमेरिकेत लोकांनी पहिल्या आयफोनसाठी रात्रभर रांगा लावल्या. २९ जूनला ५९९ डॉलर मोजले आणि ५ सप्टेंबरला कंपनीने तोच फोन ३९९वर आणला. दोन-सव्वादोन महिन्यांत २०० डॉलर पाण्यात! इतका आरडाओरडा झाला, की स्टीव्ह जॉब्सना दुसऱ्याच दिवशी जाहीर पत्र लिहून पहिल्या गिऱ्हाइकांना १०० डॉलरची क्रेडिट नोट द्यावी लागली.

मराठीचे चौकोन

किंमत उतरते, बॅटरी सुधारते, रेंज येते. पण एक गोष्ट मामाला सगळ्यात जास्त लागली होती, ती निराळीच.

कोइमतूरला सगळा कारभार तमिळमध्ये. दिवसभर भट्टी, रात्री एकटेपणा. फोन घेण्यामागे त्याची एक इच्छा होती, की आपल्याकडची बातमी रोज वाचायची. टँकर आला का, छावणी उघडली का, पाऊस झाला का. त्याने मराठी पेपरची साइट उघडली... आणि स्क्रीनभर नुसते चौकोन! रिकामे, एकसारखे, ओळीने मांडलेले चौकोन. फोनला देवनागरी वाचताच येत नव्हती.

गंमत बघा. तेव्हाच्या दीड-दोन हजारांच्या साध्या फोनमध्ये हिंदी मेन्यू असायचा, कारण ते फोन विकायचेच होते गावोगावी. महागडा फोन मात्र धरूनच चालायचा, की ज्याच्याकडे एवढे पैसे आहेत त्याला इंग्रजीच लागणार.

यावर एक जुगाड होता, तो तेव्हाच्या टेक्नोसॅव्ही पोरांना तोंडपाठ. ऑपेरा मिनी ब्राउझर टाकायचा, त्याच्या छुप्या सेटिंगमध्ये जायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग कंपनीचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं करून पाठवायचा. अक्षरं दिसायची, पण डेटा जास्त खायचा. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला बातमी स्वस्त आणि मराठी वाचणाऱ्याला महाग! हा फंडा मामाला एका कॉलेजच्या पोराने शिकवला. पुढे २०१२च्या सुमारास अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी नीट दिसू लागली. पण मामासारख्यांनी तोवर तीन-चार वर्षं चौकोनांचे पैसे भरले होते.

गाव कुठलं? आयोवा!

‘अर्ली अडॉप्टर’ हा शब्द आपण मोबाइलच्या दुनियेतला समजतो ना? तो आलाय शेतातून.

अमेरिकेतलं आयोवा राज्य म्हणजे मक्याचा मुलूख. तिथे संकरित मक्याचं बी आलं तेव्हा ते कोणी आधी घेतलं, कोणी नंतर आणि का, याचा शोध रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी घेतला. २५९ शेतकऱ्यांशी बोलून लिहिलेला त्यांचा अभ्यास १९४३मध्ये छापून आला. याच आयोवात वाढलेला एव्हरेट रॉजर्स पुढे प्राध्यापक झाला आणि १९६२मध्ये त्याने ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. नवी गोष्ट सगळ्यात आधी उचलणारे अडीच टक्के लोक म्हणजे इनोव्हेटर्स, त्यांच्या मागचे साडेतेरा टक्के म्हणजे अर्ली अडॉप्टर्स, ही विभागणी त्याची. बाकीचं गाव या साडेतेरा टक्क्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतं, घ्यायचं की नाही.

रॉजर्सच्या घरची गोष्ट तर थेट माणदेशातली वाटावी. त्याच्या वडिलांना नवनवी यंत्रं आवडायची, पण संकरित बियाण्यावर विश्वास नव्हता. १९३६मध्ये दुष्काळ पडला. शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला. उशीर करणाऱ्यालाही बिल येतं, ते असं!

मग आधी घेणाऱ्या शेतकऱ्याने काय शहाणपण केलं होतं? त्याने पहिल्या वर्षी अख्खं शेत नव्या बियाण्याखाली घातलं नाही. थोड्या जागेत पेरून बघितलं. जमलं तर पुढच्या वर्षी वाढवलं. सगळं रान संकरित व्हायला वर्षं गेली. आमच्या माणमध्येही हेच. एखाद्याने डाळिंब लावलं, तरी घरापुरती ज्वारी-बाजरी कुठल्या तरी कोपऱ्यात असतेच. डाळिंब गेलं तर भाकरी तरी राहिली पाहिजे.

फोनचं नेमकं इथेच अडतं बॉस! फोन थोडासा विकत घेता येत नाही. पैसे एकदम जातात आणि जुना फोन आपण त्याच दिवशी देऊन टाकतो. कोपरा राहतच नाही.

म्हसवडच्या बायकांचा सवाल

माणमध्ये फोन घेण्याची दुसरी एक तऱ्हाही होती, आणि ती मामापेक्षा कितीतरी पक्की होती.

म्हसवडला १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन उभी केलेली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली आणि लायसन्स घेऊन आल्या.

या बँकेतला एक किस्सा चेतनाताई आपल्या भाषणांमधून सांगतात. शेळ्या राखणारी एक बाई कर्ज मागायला आली. कशासाठी? तर मोबाइलसाठी. चेतनाताईंना वाटलं, पोरांनी हट्ट केला असणार. पण बाईचं कारण ठरलेलं होतं. शेळ्या घेऊन ती लांब लांब जाते, तेव्हा मागे घरच्यांशी बोलता आलं पाहिजे. आणि वर तिची दुसरी अट, नुसतं कर्ज देऊ नका, हा वापरायचा कसा तेही शिकवा. बायकांच्या अशाच मागण्यांतून २००६मध्ये तिथे गावच्या बायकांसाठी बिझनेस स्कूल सुरू झालं.

पुढे बँकेचे व्यवहार डिजिटल करायची वेळ आली, तेव्हा बायकांनी पिन नंबरलाही नकार दिला. पिन कोणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा सवाल होता. ज्या अंगठ्यामुळे एकदा लायसन्स अडलं होतं, तोच अंगठा त्यांनी पासवर्ड म्हणून पुढे केला. सही रे सही!

या बायकासुद्धा आपापल्या वस्तीवरच्या पहिल्याच असतील. फरक एवढाच, की त्यांनी आधी काम ठरवलं आणि मग वस्तू मागितली. मामाने आधी वस्तू घेतली आणि मग तिला काम शोधत टेकडी चढला. आपण सगळे, खरं सांगायचं तर, मामाच्याच पार्टीतले.

त्या रात्री

२०१०चा फेब्रुवारी. रात्री साडेनऊच्या सुमारास आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याच्या जीपमधून अकलूजला नेलं. माझी आई पुण्याहून मामाला फोन लावत होती. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता...’ ते वाक्य त्या रात्री तमिळमध्ये ऐकू येत होतं. आईला तमिळ येत नाही, पण अर्थ कळत होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पहाटेपर्यंत.

मामा दुकानामागच्या खोलीत झोपला होता. संध्याकाळी त्याने सोन्याचे भाव बघितले होते, दोन मेल केले होते, एका गिऱ्हाइकाला फोनमधले फोटो दाखवले होते. बॅटरी संपली. तिथेही लाइट गेली होती. सकाळी बघू, म्हणून तो झोपला.

सकाळी सात वाजता निरोप पोचला तो दुकानातल्या कारागिराच्या फोनवर. बॅटरीवाला, टॉर्चवाला, हजार-बाराशे रुपयांचा साधा फोन. गावातल्या कोणाकडे तरी त्याचा नंबर होता.

मामा मिळेल त्या गाडीने सोलापूरला आणि तिथून एसटीने म्हसवडला पोचला. एक दिवस उशिरा.

फोन लागला असता तर आजोबा वाचले असते का? नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंही. फक्त रात्रीच निघाला असता, तर मामाला त्यांचं तोंड बघता आलं असतं. यावर घरात कोणी कधी काही बोललं नाही. आजीसुद्धा नाही, जी दोन तोळ्यांवरून वर्षभर बोलत होती. तेराव्याच्या आधी मामा बाजारात गेला आणि एक साधा फोन घेऊन आला. तेव्हापासून आजतागायत त्याच्या शर्टाच्या खिशात तो असतोच. स्मार्टफोन पाच-सहा बदलले, हा एकच प्रकार कायम. त्याची ही कोपऱ्यातली ज्वारी.

मोठा फोन त्याने आजीच्या कपाटात टाकला.

तपकीर गल्लीतलं ऑपरेशन

तो फोन मी बाहेर काढला गेल्या वर्षी. कारण मामा एकदा बोलता बोलता म्हणाला होता, की २००९च्या दिवाळीत त्याने आजोबांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आमच्याकडे आजोबांचे फोटो आहेत चार. आवाज एकही नाही.

फोन सुरू होईना. बॅटरी फुगलेली, तशी मिळणं बंद झालेलं. चार्जरची पिन निराळीच. आत मेमरी कार्ड होतं, पण आजच्या कुठल्याच रीडरमध्ये बसेना. तेव्हा प्रत्येक कंपनीचा आपापला आकार होता आणि कोणता टिकेल हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नव्हतं. पहिलं असण्याचं हे सगळ्यात शेवटी येणारं बिल. वस्तू जुनी होते ते होतेच, तिच्याभोवतीची दुनियाही उठून जाते. सिम्बियनवरचं व्हॉट्सॅप ३० जून २०१७ला थांबलं. ज्या ब्लॅकबेरीचा एकेकाळी कॉर्पोरेटमध्ये केवढा रुबाब, तिच्या जुन्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ला बंद झाली. ज्या थ्रीजीची लोकांनी दोन वर्षं वाट बघितली, ते एअरटेलने २०२०पर्यंत देशभर गुंडाळलंसुद्धा.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत एक काका भेटले. ड्रॉवरमध्ये हात घालून त्यांनी एक जुनाट रीडर शोधून काढला, कार्ड पुसलं, घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘एकच फाइल आहे आवाजाची. देऊ?’

तीन मिनिटं बारा सेकंद. तीही जुन्या फॉरमॅटमध्ये, काकांनी ती बदलून दिली.

मग २०२५च्या दिवाळीत, आजोळच्या ओसरीवर, आम्ही ती लावली. सुरुवातीला खरखर. मग आजोबा विचारतात, ‘झालं का रं चालू?’ मग बाहत्तरच्या दुष्काळाचं सुरू होतं. खडी फोडायला जायचे ते, सुकडी कशी वाटायचे, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी कशी लागायची ते. मध्येच मागून एक बाईचा आवाज येतो, चांगला खणखणीत, ‘आवं काय बोलताय त्येच्यासंगं, दोन तोळं घालवल्याती त्येनं!’ आणि आजोबा हसतात. मोकळं, खोकला येईपर्यंत हसतात. तिथे फाइल संपते.

कोणी काही बोललं नाही. मामा उठून अंगणात गेला. आजी चौऱ्याऐंशीची आहे आता, कमी ऐकू येतं तिला, म्हणून फोन तिच्या कानाशी धरला होता.

थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘आज काय भाव हाय तोळ्याचा?’

सांगितला. तोळ्याने लाखाचा आकडा त्याच वर्षी ओलांडला होता. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

‘म्हंजी दोन लाखाच्या वरचं बोलणं झालं की गं ह्ये,’ ती म्हणाली. ‘लाव परत.’

चौकट
आधी कोपऱ्यात पेरा!

फोल्डेबल असो, एआयवाला असो नाहीतर अजून काही... पहिल्याच दिवशी घ्यायची खाज सुटली, तर हे पाच प्रश्न स्वतःला विचारा.

• काम काय? म्हसवडच्या बाईसारखं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘मस्त आहे’ हे कारण धरत नाही.

• तीन महिने थांबलात तर? पहिल्या आयफोनवाल्यांना २०० डॉलरचा फटका दोन-सव्वादोन महिन्यांत बसला होता. थांबणाऱ्याला किंमतही कमी पडते आणि दोषही आधीच कळतात.

• जुना फोन लगेच एक्स्चेंजमध्ये देताय? एक महिना तरी ठेवा. निदान घरातला एक साधा फोन चार्ज करून ठेवा आणि तो नंबर घरच्यांना देऊन ठेवा.

• बॅटरी संपली तर काय काय बंद पडेल? मामाचा फक्त फोन बंद पडला होता. आपलं पाकीट, तिकीट, बँक आणि ओटीपी सगळं त्याच डब्यात आहे. फोन फक्त ई-सिमवर चालणारा असेल, तर सिम काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घालायची सोयही गेली.

• आवाज कुठे ठेवलाय? आई-बाबांचे, आजी-आजोबांचे व्हॉइस मेसेज एकाच अ‍ॅपमध्ये पडून असतील, तर या रविवारी बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. प्रत्येकाला तपकीर गल्लीतले काका भेटतीलच असं नाही.